परदेशी पाहुणा भंडाऱ्यात उतरतो तेव्हा

भंडाऱ्याच्या बसस्थानकावर पाठीला मोठी सॅक लावलेला परदेशी माणूस उतरला, की दोन गोष्टी हमखास घडतात. चार जण न बोलावता मदतीला धावतात. आणि जवळच्या लॉजच्या काउंटरवरचा माणूस त्याचा पासपोर्ट उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, "साहेब, रूम खाली नाही." त्याच्या मागच्या फळीवर निम्म्या चाव्या लटकत असतात. पाहुण्याला त्या दिसतात. मग तो दुसऱ्या लॉजवर जातो, तिथेही तेच. शेवटी टॅक्सी करून साठेक किलोमीटरवरचं नागपूर गाठतो.

ज्या गावात अनोळखी माणसाला जेवल्याशिवाय उठू देत नाहीत, तिथे त्याला खोली का नाकारली जाते? उत्तर लॉजवाल्याच्या स्वभावात नाही, एका फॉर्ममध्ये आहे. परदेशी माणसाने देशात कसं यावं, कुठे राहावं, काय करू नये, याचे नियम साधारणपणे त्याला उद्देशून लिहिलेले असतात. पण त्यातले निम्मे पाळायचे असतात ते यजमानाने, म्हणजे आपण.

इथे येतं तरी कोण?

वाटतं त्यापेक्षा बरेच. पवनीजवळ रुयाड-सिंदपुरी इथे पञ्ञा मेत्ता संघाचा महासमाधिभूमी महास्तूप आहे. या संस्थेचा जपानशी जुना संबंध. दरवर्षी फेब्रुवारीत तिथे महोत्सव भरतो आणि जपानी भिक्खू व उपासक त्यासाठी येतात. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर आणि शेजारच्या हरदोलाला टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, स्तूपांचे अवशेष निघाले. तेव्हापासून अभ्यासकांचीही पावलं इकडे वळतात. साकोली तालुक्यातल्या पिटेझरी गेटातून नागझिऱ्यात शिरता येतं, कोका अभयारण्य तर भंडारा शहराच्या हाकेच्या अंतरावर. कारखान्यांत यंत्रं बसवायला येणारे तंत्रज्ञ असतात. आणि अलीकडे एक नवा प्रकार वाढला आहे: लाखनीचा मुलगा पुणेमार्गे टेक्सासला गेला, तिकडेच लग्न केलं, आणि आता सूनबाईंना घर दाखवायला आणतो आहे.

या सगळ्यांना लागू असलेला कायदा अगदी ताजा आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार वेगवेगळे कायदे रद्द करून संसदेने 'इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट, २०२५' केला आणि तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. जुन्या सालांकडे जरा बघा. १९३९चा नोंदणी कायदा दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरचा. परका माणूस आज कोणत्या गावात, कुणाच्या छपराखाली झोपला आहे हे सरकारला माहीत असलं पाहिजे, ही त्या काळातली धास्ती. ब्रिटिश गेले, धास्ती कायद्यात राहिली. नवा कायदाही तोच धागा पुढे नेतो, फक्त कागदाच्या जागी पोर्टल आलं.

सी फॉर्म: चोवीस तासांचं काम

सुरुवातीला उल्लेख आला तो हा फॉर्म; बोलीत त्याला 'सी फॉर्म' म्हणतात. परदेशी नागरिक मुक्कामाला आला, की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची. नाव, नागरिकत्व, पासपोर्ट आणि व्हिसाचे क्रमांक, भारतात कधी उतरला, इथे येण्याआधी कुठे होता, इथून पुढे कुठे जाणार. सोबत फोटो. हे सगळं पोचतं परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे. मुंबईसारख्या शहरात त्याचं वेगळं मोठं कार्यालय असतं. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात हे काम जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे असतं.

इथेच गाठ पडते. फॉर्म भरायचा तर लॉजची पोर्टलवर आधी नोंदणी हवी. ती नोंदणी पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून मंजूर व्हावी लागते. वर्षाला दोन-तीन परदेशी येणार, त्यासाठी एवढी खटपट कोण करतो? आणि न करता ठेवून घेतलं, तर कायद्याने दंडाची तलवार. त्यापेक्षा "रूम खाली नाही" हे सोपं. परदेशी पाहुणा ठेवायला काही खास परवाना लागतो, अशीही एक ठाम समजूत लॉजवाल्यांत आहे. प्रत्यक्षात कायदा मागतो ती माहिती, आणि एकदा नोंदणी झाली की पुढचा प्रत्येक फॉर्म दहा-पंधरा मिनिटांचा.

गंमत अशी की हा नियम फक्त लॉजना नाही. धर्मशाळा, विहार, होमस्टे, वसतिगृह, दवाखाना आणि साधं राहतं घर, या सगळ्यांना तो लागू आहे. म्हणजे लाखनीच्या त्या सूनबाईंची अमेरिकेतली मैत्रीण चार दिवस राहायला आली, तर फॉर्म भरण्याची जबाबदारी सासऱ्यांची. "आपलंच घर, आपलेच पाहुणे, पोलिसांना काय सांगायचं?" हा प्रश्न भावनेने बरोबर आहे, कायद्याने नाही.

पाहुण्याच्या दृष्टीनेही सी फॉर्म म्हणजे नुसता जाच नव्हे. पासपोर्ट हरवला, व्हिसाची मुदत वाढवायची वेळ आली किंवा अपघात होऊन माणूस बेशुद्धावस्थेत रुग्णालयात दाखल झाला, तर तो कायदेशीरपणे कुठे राहत होता हे दाखवणारा पहिला पुरावा हाच. म्हणून मुक्काम सोडताना त्याची प्रत मागून घ्यावी.

व्हिसाच्या दोन मुदती

आता पाहुण्याच्या बाजूने बघू. भारताने नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑनलाइन व्हिसा सुरू केला, तेव्हा त्रेचाळीस देश त्यात होते; आज दीडशेच्या वर आहेत. पर्यटनासाठी तीस दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा ई-व्हिसा मिळतो. हा घेऊन देशात शिरायचं तर ठरावीक ठिकाणांहूनच, आणि विदर्भाच्या सुदैवाने नागपूर त्या यादीत आहे. आखाती देशांतून येणारी विमानं नागपुरात उतरतात, त्यामुळे युरोपातला माणूस दोहामार्गे थेट आपल्या उंबऱ्याशी येऊ शकतो.

जपानी नागरिकांना आणखी एक सवलत आहे. काही अटींवर विमानतळावरच साठ दिवसांचा व्हिसा मिळतो. पण तो दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद अशा मोजक्याच ठिकाणी. रुयाडच्या महोत्सवासाठी परदेशातून थेट नागपूरला उतरणाऱ्या उपासकाने त्या भरवशावर निघू नये.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मुदतीचा. पासपोर्टवर पाच वर्षांचा व्हिसा आहे म्हणजे पाच वर्षं राहता येईल, असं अनेकांना वाटतं. वाचनालयाचं सभासदत्व पाच वर्षांचं असलं, तरी एक पुस्तक घरी पंधरा दिवसच ठेवता येतं, व्हिसाचंही तसंच. पाच वर्षं ही येण्या-जाण्याची मुभा. पर्यटकाला एका कॅलेंडर वर्षात एकूण १८० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा, म्हणजे नोकरीचा किंवा शिक्षणाचा व्हिसा असेल, तर आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याकडे स्वतः नोंद करावी लागते. मुदत संपूनही राहिल्यास नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड आहे. खोट्या पासपोर्टला किमान दोन, कमाल सात वर्षं.

ऑक्टोबर २०२५ पासून विमानात वाटला जाणारा आगमनाचा कागदी फॉर्मही गेला. आता उतरण्याच्या बहात्तर तास आधीपासून तो ऑनलाइन भरायचा असतो. तो व्हिसा नाही, त्याला पैसे पडत नाहीत; 'फी' घेणारी संकेतस्थळं दिसली तर दुरून नमस्कार करावा.

नेपाळी आणि भूतानी नागरिकांना व्हिसाच्या नियमातून सूट आहे. महामार्गावर मोमो विकणाऱ्या नेपाळी मुलाला व्हिसा लागत नाही, नेपाळशी १९५० साली झालेल्या कराराची ती पुण्याई.

ऐकायला हरकत नाही, बोलायला आहे

व्हिसा कसला आहे यावर माणसाने इथे काय करायचं ते ठरतं, आणि महोत्सवाच्या आयोजकांचा पाय नेमका इथे घसरू शकतो. पर्यटन व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला धर्मस्थळाला भेट देता येते, प्रवचन ऐकता येतं, पूजेला, ध्यानाला बसता येतं. पण स्वतः धर्मप्रचाराचं भाषण करणं, पत्रकं वाटणं, धर्मांतर घडवणं याला मनाई आहे. हा नियम कोणत्याही एका धर्मापुरता नाही. तेव्हा स्टेजवर एखाद्या परदेशी पाहुण्याच्या हातात माइक देण्याआधी त्याचा व्हिसा कोणता हे विचारून घेतलेलं बरं. "दोन शब्द बोला" हा आपला आवडता आग्रह पाहुण्याला महाग पडू शकतो.

कारखान्यात येणाऱ्या तंत्रज्ञाचंही तसंच. बैठकीला, खरेदीला येणाऱ्याचा व्हिसा वेगळा आणि इथे पगारावर काम करणाऱ्याचा वेगळा.

नोर्ग्येलिंग: जुन्या भंडाऱ्यातलं एक वेगळं गाव

सामान्य पर्यटकाला भंडारा, नागझिरा, पवनी कुठेही जायला विशेष परवाना लागत नाही. अरुणाचलात लागतो, नागालँड, मणिपूर, मिझोरममध्ये मधल्या काळात सूट होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये काढून घेतली गेली. महाराष्ट्रात असं काही नाही, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण एक जागा आहे जिथे थांबून विचारावं लागतं.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडाजवळ, १९७२ साली तिबेटी निर्वासितांची एक वसाहत वसवली गेली. नाव नोर्ग्येलिंग. तेव्हा हा सारा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि वसाहत तिकडे गेली. तिबेटी लोकांच्या बोलण्यात मात्र ती आजही 'भंडारा'च. मोहाच्या रानाशेजारी प्रार्थनेच्या पताका, गोम्पा म्हणजे बौद्ध मठ, थुक्पा हे नूडल्सचं सूप, आणि हिवाळा लागला की स्वेटर विकायला गावोगाव जाणारी माणसं. नागपूर-भंडाऱ्यातल्या कित्येकांच्या कपाटात या माणसांकडून घासाघीस करून घेतलेला एक तरी स्वेटर सापडेल.

या वसाहतीतल्या जुन्या पिढीचे लोक स्वतः कायद्याने परदेशी आहेत. इथे जन्मलेल्या अनेकांजवळही पासपोर्ट नाही, नोंदणी प्रमाणपत्र आहे, आणि ते मुदत संपली की नूतनीकरण करून घ्यावं लागतं. परदेशात जायचं तर भारत सरकारचं वेगळं ओळखपत्र. पन्नास वर्षं एका जागी राहून, मराठी-हिंदी बोलून, दरवेळी "कुठून आलात?" याचं उत्तर कागदावर देत राहणं काय असतं, हे आपण त्यांना क्वचितच विचारतो.

तर मुद्दा परवान्याचा. कर्नाटकातल्या बायलाकुप्पे, मुंडगोड अशा तिबेटी वसाहतींत मुक्काम करायचा तर परदेशी नागरिकाला केंद्रीय गृहमंत्रालयाचा संरक्षित क्षेत्र परवाना लागतो, आणि तो हातात पडायला आठवडेच्या आठवडे जातात. म्हणून आपल्या परदेशी मित्राला "चल, जवळच तिबेटी गाव आहे, रात्र काढू" म्हणून घेऊन जाण्याआधी वसाहतीच्या कार्यालयात किंवा गोंदियाच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात चौकशी करावी. न विचारता गेलात, तर तुम्ही संध्याकाळी घरी परताल. जाबजबाब द्यावे लागतील ते वसाहतीतल्या यजमानाला.

━━━━━━━━━━
चौकट : यजमानासाठी थोडक्यात

• पासपोर्ट आणि व्हिसा मूळ प्रतीत बघा, फोटो काढून ठेवा, पासपोर्ट परत द्या. तो अडकवून ठेवू नका.
• सी फॉर्म चोवीस तासांत. पोर्टलवरची नोंदणी मात्र पाहुणा यायच्या आधीच करून ठेवा.
• जंगल सफारीचं बुकिंग ज्या पासपोर्टवर, तोच गेटवर दाखवावा लागतो.
• पाहुण्याला गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो.
• पासपोर्ट हरवल्यास क्रम असा: पोलीस ठाण्यात तक्रार, वकिलातीकडून तात्पुरता प्रवास दाखला, नोंदणी अधिकाऱ्याकडून देश सोडण्याची परवानगी. अमेरिका, ब्रिटन, जपान यांच्या जवळच्या वकिलाती मुंबईत आहेत.
━━━━━━━━━━

'पूर्व महाराष्ट्र' नावाचा धोका

परदेशी माणूस निघण्यापूर्वी आपल्या सरकारची प्रवास-सूचना वाचतो. अमेरिकेच्या सूचनांना चार पायऱ्या आहेत: नेहमीची काळजी घ्या, जास्त काळजी घ्या, जाण्याचा फेरविचार करा, जाऊ नका. भारत दुसऱ्या पायरीवर आहे. पण जून २०२५च्या सूचनेत पुढे माओवाद्यांमुळे मध्य आणि पूर्व भारतातल्या एका मोठ्या पट्ट्याबद्दल वेगळा इशारा होता, आणि त्या पट्ट्याची सुरुवातच पूर्व महाराष्ट्रापासून. अमेरिकी सरकारी कर्मचाऱ्याला पूर्व महाराष्ट्रात येण्यासाठी परवानगी घ्यायला सांगितलं होतं.

आता नकाशा घेऊन बसलेल्या ओहायोच्या माणसाला 'पूर्व महाराष्ट्र' म्हणजे काय दिसणार? नागपूरच्या पूर्वेचं सगळं. त्यात भंडारा आलाच. प्रत्यक्षात केंद्र सरकारने २०२१ मध्ये नक्षलग्रस्त जिल्ह्यांची जी यादी केली, त्यात महाराष्ट्रातले दोनच जिल्हे होते, गडचिरोली आणि गोंदिया. भंडारा नव्हता. आणि गडचिरोलीचं चित्रही झपाट्याने बदललं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह तिथे शस्त्रं खाली ठेवली.

मग या सूचना इतक्या ढोबळ का? त्या लिहिणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. सावध राहा असं सांगून काही झालं नाही, तर कुणी तक्रार करत नाही. न सांगता काही झालं, तर सगळे विचारतात. त्यामुळे इशारा चटकन चढतो आणि फार सावकाश उतरतो. त्यातून सीमारेषा तालुक्याच्या नव्हे, दिशांच्या भाषेत आखल्या जातात.

याची खरी किंमत विम्यात मोजली जाते. ब्रिटनचं परराष्ट्र खातं एखाद्या भागात जाऊ नका म्हणतं तेव्हा त्या सल्ल्याविरुद्ध गेलेल्याचा प्रवास विमा बाद होऊ शकतो. माणूस घाबरला नाही तरी विमा कंपनी घाबरते, आणि सहल रद्द होते. परदेशी पाहुण्याला बोलावताना "इकडे काही नसतं हो" असं मोघम सांगून उपयोग नाही. कोणत्या तालुक्यात जाणार, कोणत्या रस्त्याने, रात्री कुठे मुक्काम, हे लिहून पाठवा. ते त्याला विमा कंपनीला दाखवता येतं.

खरे धोके छोटे असतात

विदर्भातली माणसं परदेशी पाहुण्याला वाघाची भीती घालतात. सफारीच्या गाडीतून खाली न उतरणाऱ्याला वाघापासून फारसा धोका नाही. उलट ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली, तेव्हा कोण कुणाला धोकादायक हे सगळ्या देशाने व्हिडिओत पाहिलं. (नागझिऱ्यात जन्मलेला प्रसिद्ध 'जय' वाघ महामार्ग आणि वैनगंगा ओलांडून याच अभयारण्यात राहायला आला होता. त्याचा सी फॉर्म कुणी भरला नाही.)

जंगलात एक वेगळीच भानगड होते. रेंज मिळत नाही हे वाचून हौशी भटके उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र सोबत आणतात. त्यांच्या देशात ते ट्रेकच्या दुकानात मिळतं. भारतात विनापरवाना उपग्रह फोन किंवा असं यंत्र बाळगणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी विमानतळांवर परदेशी पर्यटकांना अटक झालेली आहे. ड्रोन आणि ई-सिगारेटही घरीच ठेवून यावं.

आजारांबद्दल मात्र नीट समजून घ्यायला हवं. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या ठरावीक देशांतून येणाऱ्याकडे पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. कारण साधं आहे. पिवळा ताप भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे. आपल्याला डेंग्यू देतो तोच. बाहेरून विषाणू घेऊन एक माणूस आला आणि त्याला इथला डास चावला, तर साखळी पूर्ण होते. सहा दिवस अशासाठी की शरीरात शिरलेला विषाणू तेवढ्या काळात ताप दाखवतो. लस टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि आता ते जन्मभर चालतं.

उलट दिशेचा धोका जपानी मेंदूज्वराचा. हा विषाणू राहतो बगळ्यांत आणि डुकरांत, आणि त्याला माणसापर्यंत आणतो धानाच्या बांधीतल्या साचलेल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास. बगळे, डुकरं आणि बांध्या, तिन्ही जिथे आहेत तो पूर्व विदर्भाचा धानपट्टा त्याला मानवतो. माणसाच्या रक्तात हा विषाणू इतका वाढत नाही की डास तो पुढे नेईल, त्यामुळे रुग्णापासून दुसऱ्याला तो होत नाही. फेब्रुवारीत चार दिवस येणाऱ्याला काळजी फार नाही. पावसाळ्यात खेड्यात महिनाभर राहणाऱ्याने निघण्यापूर्वी लसीबद्दल डॉक्टरला विचारावं, आणि संध्याकाळनंतर अंगभर कपडे व मच्छरदाणी वापरावी.

कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. परदेशी माणसं "मायदेशी जाऊन बघू" म्हणतात. रेबीजमध्ये तेवढा वेळ नसतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी अकरा ते चार पवनीच्या टेकड्या चढू नयेत. वैनगंगेत उतरू नये. गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की खालचं पात्र बघता बघता भरतं. आणि रात्री राष्ट्रीय महामार्गावर गाडी हाकू नये, कारण दिवा नसलेली ट्रॉली धानाची पोती घेऊन पुढे उभी असू शकते. इतर सगळ्या धोक्यांपेक्षा मला या ट्रॉलीचं भय जास्त वाटतं.

पोलीस, अग्निशमन, कोणतीही आणीबाणी यासाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. शिवाय पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही मदतवाहिनी चोवीस तास बारा भाषांत चालते, आणि त्यांत जपानीही आहे. लॉज, विहार, सफारीचं गेट, जे काही तुमच्या हाती असेल तिथल्या भिंतीवर हे तीन आकडे मोठ्या अक्षरांत लिहून लावा.